उलटी मिरची

मिरची झाडाला खाली टोक करून लोंबते, हा निसर्गाचा नियम आहे असे कुरखेड्याच्या आठवडी बाजाराचे ठाम मत होते. निसर्गाला याची कल्पना नसावी. येरंडटोल्याच्या अंजनाबाई उंदिरवाडेच्या वाडीतली मिरची आभाळाकडे टोक करून उभी राही, आणि तिला त्याचा काडीचा संकोच वाटत नसे. लांबी बोटाच्या पेराएवढी. रंग आधी सायीसारखा, मग केशरी, आणि पिकल्यावर असा लाल की पाहणाऱ्याच्या डोळ्यांना आधीच चुरचुरू लागावे. एक मिरची चिरडून पातेलेभर आमटीत टाकली, तर जेवणाऱ्यांचे आपसातले बोलणे बंद होई. अंजनाबाईच्या मते हा त्या मिरचीचा सर्वांत मोठा गुण होता.

एक सरकारी माणूस एकदा वाडी पाहायला आला होता. त्याने दोन झाडांना बोट लावले, चष्मा पुसला आणि 'शोभेचे झाड' असा निर्वाळा देऊन तो निघून गेला. त्याने मिरची चाखली नव्हती. मात्र चष्मा पुसलेले बोट त्याने वाटेत डोळ्याला लावले असावे, कारण नाल्यावर तो बराच वेळ तोंड धूत बसल्याचे दोघातिघांनी पाहिले. त्याने आपले मत बदलल्याचे ऐकिवात नाही.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली होती. येरंडटोल्यात त्यामुळे काहीही वेगळे झाले नव्हते. सगळे धान पिकवीत होते. अंजनाबाईचा नवरा श्रावणही धानाच्या बांध्यांतच रमे. घरामागची उंचवट्यावरची बरड वाडी, जिथे पाणी ठरत नाही आणि म्हणून धानवाल्यांना जिची किंमत नाही, ती त्याने बायकोवर सोडून दिली होती. मिरचीचे बी तिला सुकरीने दिले. सुकरी नाल्यापलीकडच्या जंगलातल्या गावची गोंड बाई. मोहफुले आणि चारोळी घेऊन ती येई आणि बदल्यात धान नेई. तिच्या कुंपणाला ही झाडे वर्षानुवर्षे उभी होती. तिने मिरचीचे वेगळे नाव सांगितले नाही, कारण तिच्या घरी ती नुसती मिरची होती.

हे झाड लाडावलेल्या पाहुण्यासारखे होते. बी उगवायलाच पंधरवडा खाई. मुळाशी पाणी साचले की मान टाकी, म्हणून अंजनाबाईने माती ओढून उंच गादीवाफे केले होते. फळ पिकले तरी देठ सोडायला तयार नसे, एकेक मिरची नखाने खुडावी लागे. संध्याकाळपर्यंत हात असे पेटत की ती तोडणीआधी कोपरापर्यंत जवसाचे तेल चोळून घेई. शेजारणी याला हौस म्हणत. श्रावणने मिरची एकदाच खाल्ली. त्यानंतर तो त्या वाफ्यांजवळून जातानाही जरा लांबून जाई.

पहिल्या हंगामात अंजनाबाई सुकवलेली मिरची टोपलीत घालून बाजाराला गेली, ती दुपारीच रिकामी टोपली घेऊन परतली. पुढच्या आठवड्यातही तेच. आपल्या हाताखालची चव लोकांना कळली, या समजुतीत तिने वाफे वाढवले. या काळात तिचा आवाज किंचित वाढल्याचे आणि शेजारणींच्या आमटीविषयी तिने न मागता मते दिल्याचे सांगतात. ते खरे मानायला हरकत नाही. तो तिचा स्वभावच होता.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात उशिरा आली. कोणीही मिरची मापाने मागत नव्हते. 'पाच द्या', 'सात द्या' असे मोजून मागत. एका बाईला सहा दिल्या तर तिने घाबरून आणखी एक मागून घेतली. आमटीला सम आणि विषम कळत नाही, हे अंजनाबाईला माहीत होते. तिने त्या बाईला विचारले, तेव्हा बाईने अगदी सरळपणे सांगितले की ही उलटी मिरची, हिचे टोक वर, म्हणून केलेले सगळे उलटवते. लागलेली नजर, घातलेली करणी, ज्याची त्याच्यावर परत.

म्हणजे तिची मिरची कोणी खातच नव्हते. ओवाळून चुलीत टाकत होते.

ही गोष्ट दुसऱ्या कोणाला हसण्यावारी नेता आली असती. अंजनाबाईला नेता येत नव्हती. छप्पन्न साली नवी नवरी असताना ती सासऱ्याबरोबर नागपूरला गेली होती आणि त्या अफाट गर्दीत उभी राहून तिने बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या होत्या. परत आल्यावर सासऱ्याने देव्हारा नदीत सोडला. तेव्हापासून या घराच्या दारावर ना लिंबू लटकले, ना बिब्बा. येरंडटोल्याच्या विहारात दर पौर्णिमेला वंदना सांगण्याचा मान तिचा होता. तिने 'बुद्धं सरणं' म्हटले की मागे सगळी वस्ती म्हणे. आणि त्याच बाईच्या हातची मिरची पंचक्रोशीतल्या चुलींमध्ये उतारा म्हणून तडतडत होती.

"तुमची मिरची चुलीत टाकतात, बाई," तिने सुकरीला सांगितले, कारण आणखी कोणाला सांगण्याची सोय नव्हती.

सुकरीने मोहफुलांची टोपली खाली ठेवली. "आमी तं खातो," ती म्हणाली. "तुमच्याकडचे लोक शिकलेले ना?"

याच्या पुढची पायरी केसरबाईची. केसरबाई बाजाराच्या तोंडाशी राहणारी, नजर काढण्यात नावाजलेली बाई. नजर काढण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका उठला तर नजर नव्हती, ठसका उठला नाही तर नजर होती आणि ती मिरचीने गिळली. केसरबाईच्या डब्यातल्या मिरच्या जुन्या, पोचट आणि किडक्या असत, त्यामुळे तिच्याकडे सहसा ठसका उठत नसे आणि परिसरात नजर लागलेल्यांचे प्रमाण कायम चढे असे. आता गिऱ्हाइके स्वतःची उलटी मिरची घेऊन येऊ लागली. ती निखाऱ्यावर पडताच घरातली माणसे, मांजर आणि खुद्द केसरबाई खोकत अंगणात येत. नजर नव्हती, हे गल्लीच्या टोकापर्यंत सिद्ध होई.

केसरबाई वाडीत आली ती पदराने नाक पुसतच.

"अंजनाबाई, तुह्या मिरचीनं माह्या पोटावर पाय देल्ला."

"पोटात घातली असती तं पोटावर पाय पडला नसता," अंजनाबाई म्हणाली. तिने खुडणे थांबवले नाही.

केसरबाईने आपले गाऱ्हाणे नीट मांडले. लेकरू तापाने फणफणत असते, मायबाप आशेने आलेले असतात, आणि तिला सांगावे लागते की नजर नाही. मग ते लोक लेकरू उचलून थेट दवाखान्यात जातात.

"मंग बरं होते का नाई पोरगं?"

"होते," केसरबाई जड मनाने म्हणाली. "तेच तं सांगून राह्यली मी."

तिचे मागणे साधे होते. झाडाखाली कीड लागून गळून पडलेल्या, आतून पोकळ, रंग उडालेल्या मिरच्या तिला द्याव्यात. नाव उलट्या मिरचीचे राहील आणि ठसका उठणार नाही. अंजनाबाईने तिला कुंपणापर्यंत पोचवले आणि सांगितले की गळालेल्या मिरच्या ती खतात टाकते, कारण खताला तरी लाज असते.

हा टोला तिला महागात पडला. केसरबाई अडाणी असेल, निर्बुद्ध नव्हती. पुढच्याच बाजारी तिने नवा नियम जाहीर केला. मिरची उलटी आहे, तेव्हा कौलही उलटाच वाचायचा. ठसका उठला म्हणजे नजर आहे. जितका मोठा ठसका, तितकी मोठी नजर. शतकानुशतकांची रीत एका दुपारभरात पालथी झाली आणि बाजारातल्या एकाही माणसाला त्यात काही खटकले नाही. उलट, आजवर नजर लागूनही आपल्याला सुखाने जगू दिले गेले, याचे अनेकांना वाईट वाटले. अंजनाबाईची मिरची निखाऱ्यावर पडून ठसका उठला नाही असे कधी झालेच नव्हते. आता प्रत्येक घरात नजर निघू लागली. वरोऱ्याहून एक ट्रकवाला येऊन माळा करून घेऊन गेला.

मग विहार समिती जागी झाली. समितीचे अध्यक्ष गुणवंतराव हे निवृत्त शिक्षक. माणूस प्रामाणिक, स्वच्छ धोतराचा, आणि एका वाक्यात सांगण्यासारखी गोष्ट एका वाक्यात कधीही न सांगणारा. त्यांनी अंजनाबाईला बोलावले आणि धम्म, विज्ञान व समाजाची वाटचाल या तिन्हींचा आढावा घेऊन शेवटी मुद्द्यावर आले. वंदना सांगणाऱ्या बाईच्या वाडीत उताऱ्याचा माल पिकतो, ही गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. तिने झाडे उपटावीत. नाहीतर येत्या पौर्णिमेपासून वंदना दुसरे कोणी सांगेल.

"गुरुजी, लोक धानाचीही मूठ ओवाळून फेकतात," ती म्हणाली. "समितीनं धान उपटलं का?"

गुणवंतरावांनी धान हे अन्न असल्याचे निदर्शनास आणले.

"मिरची काय हाय मंग?"

गुणवंतरावांनी विचार केला. आपण ती खाल्लेली नाही, हे त्यांनी मान्य केले. त्यांना आम्लपित्त होते.

नजर काढणारी बाई आणि नजर न मानणारी समिती, दोघांनाही एकच झाड नको होते, याची अंजनाबाईला गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही. वंदनेचा मान तिला हवा होता. तो कोणी दिलेला नव्हता, तिने आवाजाने मिळवला होता. आणि मिरचीही हवी होती. दोन्ही राखायचे तर एकच मार्ग होता. लोकांनी मिरची खाल्ली पाहिजे.

तिने बाजारात नियम लावला. जो समोर बसून एक मिरची खाईल, त्यालाच मिरची मिळेल. अन्न म्हणून घ्यायची तर अन्न म्हणून खाऊन दाखवा. हा नियम तिच्या लेखी अभेद्य होता. आरागिरणीतली हमाली सुटलेला बापूराव नावाचा इसम तासाभरातच तिच्या टोपलीशेजारी उकिडवा बसला. लोकांच्या वतीने मिरची खाऊन देणे हा त्याने धंदा केला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कान लालभडक, तरी तो हात पुढे करी.

"तुले मिरची आवडते का रे?" अंजनाबाईने विचारले. तिला अजून आशा होती.

"नाई बाई. पण काम आवडते. बसून होते."

पुढे तर बापूरावाचे अश्रू हाच उताऱ्याचा एक भाग आहे, असे लोक मानू लागले. रडून झाले की काहीजण त्याच्या पाया पडत. अंजनाबाईने नियम मागे घेतला. बापूरावाला त्याचे वाईट वाटले.

मग तिने सुकी मिरची विकणेच बंद केले. निखाऱ्यावर टाकता येते ती सुकी मिरची. ओली, ठेचलेली, मुरवलेली मिरची कोण ओवाळणार? तिने पिकलेल्या मिरच्या पाट्यावर भरडल्या, वर मिठाचा थर दिला, चिनी मातीच्या बरण्यांत दडपून उन्हात ठेवल्या. मुरल्यावर तिने स्वतः भातावर बोटभर घेऊन पाहिली. आधी आंबूस, मग खारट, मग काही काळ काहीच नाही, आणि मग सगळे. ती समाधानाने रडली.

पानांत बांधलेल्या त्या ठेच्याच्या पुड्या बाजारात हातोहात गेल्या. तिने एका म्हाताऱ्याला मुद्दाम विचारले की भातावर घेणार की भाकरीवर. म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही. त्याने सांगितले की बाईने फार सोय केली. आजवर मीठ वेगळे घ्यावे लागे, मिरची वेगळी. आता मीठ-मिरची एकत्रच मिळते, मोहरी तेवढी घरची घालायची. शिवाय ओली असल्यामुळे निखाऱ्यावर आवाजही चांगला करते.

अंजनाबाईने राहिलेली टोपली उचलली आणि बाजार भरात असताना ती घरी आली. वाटेत तिने कोणाला शिव्या दिल्या नाहीत, हे श्रावणला फार गंभीर लक्षण वाटले.

पौर्णिमेच्या दिवशी विहारात सभा भरली. आधी ठराव, मग वंदना, मग भोजनदान, असा क्रम होता. मागे मोठ्या गंजात भात शिजत होता. गुणवंतरावांनी प्रास्ताविकात मानवी प्रगतीचे टप्पे सांगितले. मग वस्तीतल्या सोमाजीची सून रुखमा हिचे नाव वंदनेसाठी सुचवण्यात आले. रुखमा वयाने लहान, गळ्याने गोड आणि मागच्या रांगेत बसणारी. आपले नाव येईल हे तिला ठाऊक नव्हते. तिने मान खाली घातली ती वर केली नाही.

अंजनाबाई बरणी घेऊन आली होती. तिने ती सभेच्या मधोमध, सतरंजीवर ठेवली.

"झाडं उपटणार नाई," ती म्हणाली. "झाड उभं हाय. त्याले उलटं तुमी म्हणता. माह्या प्रतिज्ञा माह्या तोंडात हायेत, टोपलीत नाईत. लोकायनं काय जाळावं, हे मी घरोघरी जाऊन पाहू? पण तुमी तं नजर मानत नाई ना? मंग खा. आज भात हायच. वस्तीनं पंगतीत घेतली तं बाजारात सांगता येईन, का हे अन्न हाय, माणसं खातात. मंग वंदनाबी सांगतो. नाई खाल्ली, तं तुमचं तुमी पाहा."

एकाने मुलांना पुढे येऊ देऊ नका असे सुचवले. एकाने आपल्याला मूळव्याध असल्याचे सांगितले, आणि ही व्याधी वस्तीत किती पसरली आहे हे त्या दिवशी प्रथमच उघड झाले. श्रावण गंजाजवळ लाकडे सारीत होता. त्याने बायकोकडे पाहिले, मग बरणीकडे, आणि आणखी एक लाकूड सारले. दोघे-तिघे दबक्या आवाजात म्हणाले की न मानणे ठीक, पण इतक्या घरांतून इतक्या लोकांची नजर जिने ओढली, ती पोटात घालणे बरे नव्हे. उगाच विषाची परीक्षा कशाला? ही माणसे बावीस प्रतिज्ञा घेतलेली होती. ती ज्या सुरात बोलली, तो सूर बाजारातल्या म्हाताऱ्याचाच होता.

गुणवंतरावांनी ते ऐकले. त्यांचा चेहरा उतरला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण सभा चालवणे त्यांच्या हाडात मुरले होते. त्यांनी तोडगा काढला. सारा घोळ नावाने झाला आहे, तेव्हा या मिरचीला नवे, पुरोगामी नाव द्यावे. नाव सुचवण्यासाठी एक पोटसमिती नेमावी. अहवाल येईपर्यंत वंदना रुखमाने सांगावी. सगळ्यांचे हात एकदम वर गेले. मिरची खाण्यापेक्षा हात वर करणे केव्हाही सोपे.

"मी म्हणलं पोटात घाला," अंजनाबाई म्हणाली, "तं यायनं पोटसमिती काढली."

तिने बरणी काखेत घेतली आणि ती विहाराच्या पायऱ्यांवर, बाहेर जाऊन बसली. आत रुखमाचा आवाज उठला, सुरुवातीला कापरा, मग सावरलेला. मागून वस्तीने तसेच म्हटले, जसे अंजनाबाईच्या मागे म्हणत. तिने ओठ हलवले नाहीत. पण एके ठिकाणी रुखमा ओळ विसरली तेव्हा बाहेरून हळूच ती ओळ आली, आणि रुखमा पुढे गेली.

पंगत बसली. भाताचा वास सुटला. अंजनाबाई उठून निघणार, तोच रुखमा ताट घेऊन बाहेर आली आणि एक पायरी खाली बसली. तिने बरणीकडे हात केला.

"काऊन?" अंजनाबाईने बरणी मागे घेतली. "सासूनं सांगतली का घेऊन यायले? कोणाची नजर काढाची हाय?"

"भातावर घ्याची हाय, बाई. वरण अळणी हाय."

अंजनाबाईने झाकण काढले, पण बरणी सोडली नाही. रुखमाने चिमूटभर ठेचा घेतला, भातात कालवला आणि मोठा घास केला. काही क्षण काहीच झाले नाही. मग तिचे डोळे भरले, कानांच्या पाळ्या लाल झाल्या, नाक गळू लागले. आत बसलेले दोघेतिघे वाकून पाहू लागले. रुखमाने पदराने तोंड पुसले, घास गिळला, आणि बराच वेळ जीभ टाळूला लावून विचार केला.

"बाई," ती म्हणाली, "मीठ जास्त झालं."

वर्षभरात त्या मिरचीविषयी लोक बरेच काही बोलले होते. कौल सांगितले होते, ठराव केले होते, पाया पडले होते. मीठ जास्त झाले, असे कोणी म्हटले नव्हते.

"तुले काय कळते मिठातलं," ती म्हणाली. "तुह्या घरची आमटी खाल्ली हाय मी. पाण्यात हळद."

"तरी जास्तच हाय. अन् लसूण पाहिजे होता."

"लसणानं वास मरते मिरचीचा."

"नाई मरत. थोडा टाकून पाहा."

"तू शिकवशीन आता मले."

रुखमाने ताट पुढे सरकवले, आणि अंजनाबाईने बरणी कलती करून त्यात आणखी एक बोट ठेचा काढला, जरा मिठाचा थर बाजूला सारून, आतल्या बाजूचा.